‘दोघांपैकी एक खोटं बोलतोय’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

‘एक बाप’ या नावाने तुम्ही चष्मा घालवणाऱ्या लेसरवरच्या माझ्या लेखाखाली लिहिलेलं वाचलं. चौकटीत मावणार नाही म्हणून इथे सविस्तर लिहिते. बाकीच्यांसाठी थोडक्यात: यांची मुलगी २४ वर्षांची, नोकरी करते, कॉन्टॅक्ट लेन्स वापरते. दोन्ही डोळ्यांचा नंबर उणे साडेसहाच्या आसपास. स्थळं बघायला सुरुवात झाली आहे, म्हणून चष्म्याचा विषय घरात रोज निघतो. एका ठिकाणी ‘लेसर होणार नाही’ म्हणाले, दुसऱ्या ठिकाणी त्याच आठवड्यातली तारीख देऊ केली. यावर त्यांचं म्हणणं: ‘दोघांपैकी एक खोटं बोलतोय, आणि तुम्ही तपासण्यांचं गुणगान गाताय. तपासणीचे पैसे कोणाच्या खिशात जातात ते कळतं आम्हाला.’ शिवाय चष्म्याच्या दुकानात फुकट नंबर काढून मिळत असताना ऑप्टोमेट्रिस्ट (नंबर काढणारा, डोळ्यांच्या तपासण्या करणारा) नावाचा मधला माणूस कशाला, आणि डोळ्यांच्या व्यायामाबद्दल मी अवाक्षर का काढलं नाही, हेही विचारलंय.

खिशाचं आधी. तो मधला माणूस म्हणजे मीच. एका नेत्र रुग्णालयात पगारावर आहे आणि लेसरआधीच्या तपासण्या करणं हे माझं रोजचं काम. त्यामुळे माझ्या लिहिण्यावर शंका घ्यायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. फक्त एक हिशोब लक्षात घ्या. रुग्णाला ‘नाही’ म्हटलं की तपासणीची फी तेवढी मिळते, ‘हो’ म्हटलं की शस्त्रक्रियेचे पैसे मिळतात. नकार देणाऱ्याचा त्यात काय फायदा?

पण दुसऱ्यालाही मी लगेच खोटारडा ठरवणार नाही. घरात दोन्हीकडच्या फाइली असतील, त्या काढा. पेंटाकॅम किंवा डोळ्याच्या पुढच्या भागाचा नकाशा काढणाऱ्या तसल्याच मशीनचा एक रंगीत कागद सापडेल, बहुतेक वेळा चार गोल नकाशांचा. बाजूला आकड्यांची रांग असते. त्यात ‘थिनेस्ट’ या शब्दापुढचा आकडा बघा. बुबुळावरचा पारदर्शक पडदा, म्हणजे कॉर्निया, जिथे सगळ्यात पातळ आहे तिथली ही जाडी, मायक्रॉनमध्ये. सर्वसाधारणपणे ती ५४० च्या आगेमागे असते.

लेसर कॉर्निया घासून त्याचा बाक बदलतो. उणे नंबर घालवायचा तर मधला भाग थोडा सपाट करावा लागतो. किती घासायचं हे नंबरावर आणि किती रुंद भाग घासायचा यावर ठरतं, पण ढोबळमानाने एका नंबरामागे १२ ते १५ मायक्रॉन जातात. साडेसहाला ९० धरा. लॅसिक या नेहमीच्या लेसर पद्धतीत त्याआधी वरचा पापुद्रा पुस्तकाच्या पानासारखा उलटतात, त्याचे साधारण ११०. हा पापुद्रा परत बसवतात खरा, पण डोळ्याला आधार म्हणून तो पुढे धरत नाहीत. आता समजा तुमच्या मुलीचा आकडा ४८० आहे. त्यातून ११० आणि ९० गेले की उरले २८०. खाली किमान २५० उरले पाहिजेत हा जुना दंडक. आज बरेच सर्जन ३०० च्या खाली जायला तयार नसतात. म्हणजे एकाच कागदावर एकजण ‘बसतंय’ म्हणेल आणि दुसरा ‘नको’ म्हणेल, आणि दोघांचीही बेरीज-वजाबाकी बरोबर असेल. मला विचाराल तर २४ वर्षांच्या मुलीसाठी मी ‘नको’ म्हणणाऱ्याच्या बाजूने आहे. तिला या कॉर्नियावर आणखी ५०-६० वर्षं काढायची आहेत.

पण जाडीपेक्षाही महत्त्वाचा आहे आकार. वरच्या डाव्या नकाशात खालच्या बाजूला लालसर-केशरी ठिपका एकवटलेला दिसतोय का? तिथे बाक जास्त आहे असा त्याचा अर्थ. मागच्या पृष्ठभागाच्या नकाशातही त्याच जागी उंचवटा असेल तर केराटोकोनसची शंका येते. यात कॉर्निया हळूहळू पातळ होऊन टोकदार होत जातो. सुरुवातीला रुग्णाला काहीच कळत नाही, चष्म्याने छान दिसत असतं. अशा डोळ्यावर लॅसिक केलं तर आधीच कमजोर असलेली भिंत आणखी पातळ होते, आतल्या दाबाने पुढे येते, आणि वर्ष-दोन वर्षांनी नंबर वेडावाकडा होऊन परत येतो. तो मग चष्म्यानेही नीट जात नाही. कडक लेन्स लावा, सीथ्रीआर (कॉर्निया घट्ट करायचा उपचार) करून वाढ थांबवा, अगदीच बिघडलं तर कॉर्निया बदला, अशी रांग लागते. अशा वेळी जाडी ५४० असली तरी उत्तर ‘नाही’च. मुलीला डोळे चोळायची सवय आहे का, ॲलर्जीची खाज येते का, हेही डॉक्टरांना आपणहून सांगा. त्याचा इथे संबंध आहे.

आणखी एक शक्यता, आणि ती मी रोज बघते. दुसऱ्या ठिकाणी मुलगी ऑफिसमधून थेट, लेन्स लावूनच गेली होती का? मऊ लेन्सनेही कॉर्नियाचा आकार थोडा बदलतो. नकाशा काढण्याआधी निदान एक-दोन आठवडे लेन्स बंद ठेवायला सांगतात, कडक लेन्स असेल तर आणखी जास्त. काउंटरवर हे कोणी विचारलंच नाही तर दोन ठिकाणचे दोन कागद वेगवेगळे येणारच.

पहिल्या डॉक्टरांना एक प्रश्न विचारायचा राहिलाय: लेसर होणार नाही, म्हणजे नेमकं काय होणार नाही? लॅसिक नाही, की कॉर्नियावर काहीच नको? फक्त जाडी कमी पडत असेल आणि नकाशा स्वच्छ असेल तर कधीकधी पीआरके ही लेसरचीच दुसरी पद्धत बसते. त्यात पापुद्रा उलटत नाहीत, वरची पातळ त्वचा तेवढी काढतात आणि ती परत येते. मात्र तीन-चार दिवस डोळे चांगलेच दुखतात, आणि नजर स्थिर व्हायला लॅसिकपेक्षा वेळ लागतो. स्माइल या तिसऱ्या लेसर पद्धतीत पापुद्रा नसतो, छोट्या छेदातून आतली चकती काढतात. पण चकतीपुरती जाडी जातेच, आणि संशयास्पद कॉर्नियाला तेही नको. आयसीएल ही वेगळी वाट: कॉर्नियाला न घासता डोळ्याच्या आत, नैसर्गिक भिंगाच्या पुढे, एक मऊ भिंग बसवतात. ते गरज पडल्यास काढता येतं. त्यासाठी डोळ्यात पुढच्या बाजूला पुरेशी जागा लागते, कॉर्नियाच्या आतल्या पेशी मोजाव्या लागतात, आणि मोतीबिंदू लवकर होणं, दाब वाढणं यांचा धोका समजून घ्यावा लागतो. खर्चही लॅसिकपेक्षा बराच जास्त. यातलं तिला काय चालेल हे कागद न बघता मी सांगणार नाही.

‘एकदा लेसर झालं की डोळ्यांचा प्रश्न मिटला’ असंही तुम्ही लिहिलंय. इथे मी जरा हट्टाने सांगते, कारण अशी माणसं दृष्टिपटल, म्हणजे डोळ्यामागचा पडदा, सुटल्यावर धावत येतात. उणे साडेसहाचा डोळा बहुतेक वेळा लांबीला जास्त असतो. लेसर पुढची काच बदलतो, मागची लांबी तशीच राहते, आणि ताणलेला पडदाही. बाहुली मोठी करून पडद्याची तपासणी लेसरआधी झालीच पाहिजे, आणि नंतरही वर्षातून एकदा. अचानक विजेसारखी चमक दिसली, काळे ठिपके एकदम वाढले, कडेने पडदा आल्यासारखं वाटलं, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. चष्मा लागत नाही या आनंदात लोक नेमकं हेच विसरतात.

आता दुकान आणि मी. दुकानात काउंटरला चांगला शिकलेला ऑप्टोमेट्रिस्ट असेल तर तिथे नंबर काढायला माझी काहीच हरकत नाही. बी. ऑप्टोमला चार वर्षं आम्ही मुख्यतः तेच शिकतो. घोळ असा की २०२१ चा कायदा येईपर्यंत आमच्या व्यवसायाला देशपातळीवर सक्तीची नोंदणीच नव्हती, त्यामुळे पाटीवर ‘ऑप्टोमेट्रिस्ट’ कोणीही लिहायचं. ओळखायचं कसं? मशीनमध्ये हनुवटी टेकवून चिठ्ठी निघाली आणि त्याच आकड्यांचा चष्मा बनवायला टाकला, तर तो फुकटच महाग पडला. चिठ्ठी ही सुरुवात असते. त्यानंतर ट्रायल फ्रेम चढवून एकेक भिंग बदलत ‘हे बरं की हे?’, ‘लाल अक्षरं ठळक की हिरवी?’ असं कंटाळा येईपर्यंत विचारलं गेलं पाहिजे. तरुण डोळा जरुरीपेक्षा जास्त उणे नंबरही खुशाल पचवतो, आणि संध्याकाळी डोकं धरून बसतो. लहान मुलांना तर थेंब टाकल्याशिवाय नंबर देऊच नये.

मात्र नंबर काढणं म्हणजे डोळे तपासणं नव्हे. तुम्ही स्वतः चाळिशी ओलांडली असणार. काचबिंदू आणि मधुमेहाने होणारा पडद्याचा आजार, दोन्ही दुखत नाहीत, आणि सुरुवातीला नंबराच्या तक्त्यावर दिसतही नाहीत. शेवटची ओळ वाचून माणूस खूश होऊन घरी जातो. त्यासाठी नेत्रतज्ज्ञच लागतो, म्हणजे एमबीबीएसनंतर डोळ्यांचं शिक्षण घेतलेला डॉक्टर. तिथे मी निदान करत नाही, शंका आली की पुढे पाठवते.

व्यायामाबद्दल एकच ओळ: वाढलेली लांबी व्यायामाने कमी होत नाही, म्हणून लिहिलं नाही. लहान मुलांनी उन्हापावसात बाहेर खेळावं, त्याने नंबर लागणं लांबतं, आणि वाढता नंबर मंदावायला कमी तीव्रतेचे ॲट्रोपिनचे थेंब आहेत. २४ व्या वर्षी त्याचा उपयोग नाही.

‘मग जाऊ कोणाकडे?’ असं शेवटी विचारलंत. नाव देणार नाही. कॉर्नियाचं वेगळं प्रशिक्षण घेतलेला, आणि लेसर, आयसीएल दोन्ही करणारा तिसरा डॉक्टर शोधा. ज्याच्याकडे एकच मशीन आहे त्याच्याकडून पर्याय ऐकायला मिळत नाहीत. जाण्याआधी लेन्स किती दिवस बंद ठेवायच्या ते फोन करून विचारा. दोन्ही जुने नकाशे आणि मागच्या दोन-तीन वर्षांच्या चष्म्याच्या चिठ्ठ्या न्या, नंबर थांबलाय की नाही ते त्यावरून कळतं. शस्त्रक्रिया झालीच तर त्याआधीचे सगळे कागद जपून ठेवा. पुढे मोतीबिंदूच्या वेळी भिंगाचा नंबर काढताना ते मागतात. आणि तपासणीच्या खोलीत तिला एकटीला जाऊ द्या. तुम्ही शेजारी बसलात की ‘लग्नाआधी होईल ना?’ हाच प्रश्न पहिला येतो, आणि तिला रात्री गाडी चालवताना दिव्यांभोवती वलयं दिसतात का, हे विचारायचं राहून जातं.