खर्जातला खेकडा

कॉम्प्युटर बनवणाऱ्यांनी दिवे, बटणं, काचेची बाजू असं सगळं मिरवायचं सामान पुढे ठेवलं आणि वायरी खुपसायची कामाची भोकं तेवढी पाठीमागे. पुण्यातल्या फ्लॅटमध्ये पाठीमागे म्हणजे भिंत. आमचं टेबल एका बाजूने कपाटाला आणि दुसऱ्या बाजूने शिलाई मशीनला टेकलेलं आहे. ते ओढायचं तर आधी मशीन हलवायला हवं, मशीन हलवायचं तर त्यावरच्या इस्त्रीच्या कपड्यांची सोय लावायला हवी, आणि तो विषय माझ्या अधिकारात येत नाही.

निमित्त बाबांच्या मुलतानी रागाचं. मोबाइलवर ऐकायला ते तयार नाहीत. "तबला आहे की पत्र्याचा डबा?" म्हणून तपकीर गल्लीतून स्पीकर आणले. पोपटी पिन, पोपटी भोक. दोन मिनिटांचं काम.

हे रंग कुणी उगाच दिलेले नाहीत. मायक्रोसॉफ्ट आणि इंटेलने मिळून 'पीसी ९९' नावाची नियमावली काढली, तिने प्रत्येक भोकाला रंग वाटून दिला. माइक गुलाबी, स्पीकर पोपटी, बाहेरचा आवाज आत घ्यायचा ते फिकं निळं, गोल भोकांपैकी कीबोर्डचं जांभळं आणि माउसचं हिरवं. उत्तम योजना. फक्त ती करणारे टेबलाखाली आडवे होऊन, मोबाइलचा टॉर्च दातात धरून, कपाट आणि भिंतीच्या फटीत मान घालून बसले नव्हते. त्या पांढऱ्याफटक उजेडात, वर्षांच्या धुळीखाली, पोपटी आणि फिकं निळं सख्खे भाऊ दिसतात.

शेवटी डोळे सोडून बोटांवर यावं लागतं. बोटांना आधी लागते ती पोर्टांभोवतीची पातळ पत्र्याची पट्टी. तिच्या कडा फार प्रामाणिक असतात. बोटांवर विसंबण्यात आणखी एक गोम आहे. माउसची यूएसबी पिन लॅनच्या, म्हणजे इंटरनेटच्या वायरीच्या, भोकात आरामात बसते. कुठे अडत नाही, कुरकुरत नाही. फक्त माउस चालत नाही.

"अरे, पुढे पण भोक आहे की!" बाबा खुर्चीतून.

आहे ना. पण पुढचं भोक आतून एका वायरने मदरबोर्डला, म्हणजे आतल्या मुख्य सर्किट बोर्डाला, जोडलेलं असेल तरच ते भोक. त्यासाठी बोर्डाच्या कडेला नऊ पिनांची जागा असते. दहावी मुद्दाम गाळलेली, म्हणजे वायर उलटी बसू नये. आमच्या असेंबल करणाऱ्याने उलटसुलट भानगडच ठेवली नव्हती. काचेतून बघितलं तर वायरीची छान गुंडाळी करून वर रबरबँड लावलेलं.

पिन एकदाची बसली. आवाज नाही. कारण मॉनिटरच्या एचडीएमआय केबलमधून चित्राबरोबर आवाजही जातो, आणि विंडोजने परस्पर ठरवलं होतं की गाणं मॉनिटरला ऐकवायचं. आमच्या मॉनिटरला स्पीकरच नाहीत. म्हणजे बुवा मघापासून गात होते, ऐकायला कुणी नव्हतं. घड्याळाशेजारच्या खुणेवर टिचकी मारून यादीतून रिअलटेक निवडलं. बोर्डावरची आवाजाची चिप त्यांची, आणि त्यांचं बोधचिन्ह खेकडा.

खेकडा गायला लागला. छान गायला लागला. पण आलाप थांबला की मागे एक संथ 'हूंऽऽ' उरायचं. बाबांनी डोळे मिटले.

"खर्जात सा कोण धरून बसलंय?"

मी समजावलं. स्पीकरचा प्लग एका सॉकेटमध्ये, कॉम्प्युटरचा दुसऱ्या, अर्थिंगच्या वाटा वेगळ्या, म्हणून विजेची घरघर आवाजात शिरते. दोन्ही एकाच बोर्डावर घेतले की बहुधा जाते. तोवर बाबांनी पेटी काढली होती.

"पांढरी पाच. पण किंचित चढलाय."

चढलेलाच होता. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, आणि पांढरी पाचचा, म्हणजे पेटीच्या पाचव्या पांढऱ्या पट्टीचा, अगदी खालचा स्वर ४९ चा. मी एक्स्टेंशन बोर्ड घेऊन पुन्हा टेबलाखाली निघालो, तर बाबांनी हात केला.

"राहू दे रे. आयता तंबोरा मिळालाय. माझी पट्टी काळी दोन आहे, तेवढं बघ तुझ्या त्या सेटिंगमध्ये."