‘रायफल ठीक आहे, मुलीचंच चुकतंय’ : एका पालकांना उत्तर

नमस्कार,

मागच्या लेखात मी लिहिलं होतं की एअर रायफलचे सुटे भाग बदलल्यावर ग्रुप (टार्गेटवरच्या भोकांचा पुंजका) फाटला, तर मुलाला बोलण्याआधी रायफल तपासा आणि तपासताना जुना भाग परत लावून बघा. त्यावर तुम्ही चांगलंच सडेतोड लिहिलंत. बाकीच्या वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. मुलीच्या रायफलला नवा डायॉप्टर (नेम धरायची मागची साइट), नवं ट्रिगर युनिट, ब्रीचची (पेलेट, म्हणजे छर्रा, भरायच्या जागेची) हवा अडवणारी नवी ओ-रिंग आणि बॅरलवर वजन, असं सगळं एकाच खेपेत बसवलं. तेव्हापासून तिची दर शॉटची सरासरी १०.३ वरून ९.८ वर आली. ग्रुप उभा लांबला, मध्यापासून मध्यापर्यंत साधारण ६ मिलिमीटर. मेकॅनिकने रायफल वाइसमध्ये (लोखंडी शिकंज्यात) धरून मारली तर एकच भोक पडलं. म्हणजे रायफल निर्दोष, मुलीचा श्वास चुकतोय. तरी शंका नको म्हणून रेग्युलेटरही (दर शॉटला हवेचा दाब सारखा ठेवणारा भाग) बदलायचा विचार आहे. जुना भाग परत लावणं हा तुमच्या मते उलटा प्रवास, आणि माझ्यासारखे लोक मुलांना आयती सबब पुरवतात.

सबबीचं नंतर बोलू. आधी वाइस.

वाइसमध्ये रायफल कशी धरतात ते आठवून बघा. बहुतेक वेळा स्टॉक (खांद्याला लागणारा दांडा) काढतात आणि अ‍ॅक्शन (शॉट सोडणारी यंत्रणा) किंवा बॅरल जबड्यात आवळतात. साइटमधून कोणी बघतच नाही. अशा चाचणीतून बॅरल आणि पेलेटचं जमतं का, हवा सारखी मिळते का, ब्रीच गळते का, एवढं कळतं. डायॉप्टर रेलवर (तो बसवायच्या पट्टीवर) पक्का बसलाय का, स्टॉकचे स्क्रू नीट आवळलेत का, बटप्लेट (स्टॉकचं खांद्याला टेकणारं टोक) खांद्यात कुठे येतेय, नवीन ट्रिगरवर बोट कसं पडतंय, हे वाइसला विचारलेलंच नसतं. तुमच्या चार बदलांपैकी धड परीक्षा झाली ती ओ-रिंगची. ती पास झाली, चांगलं झालं. उरलेल्या तिघांबद्दल त्या एका भोकावरून काहीही म्हणता येत नाही.

आता रेग्युलेटर. वाइसमध्ये भराभर शॉट मारले जातात, मुलगी मात्र दोन शॉटमध्ये मिनिटभर घेते. तेवढ्या वेळात रेग्युलेटरचा दाब हळूहळू चढत असेल, अशी शंका मेकॅनिकला आली असावी. शंका रास्त आहे, पण खिशात हात घालण्यापूर्वी हिशोब करून बघा. पेलेट सेकंदाला १७० मीटरने सुटतो असं धरलं, तर १० मीटरवर पोचेपर्यंत तो सुमारे १७ मिलिमीटर खाली येतो. वेग १६५ झाला तर १८. म्हणजे वेगात सेकंदाला ५ मीटरचा फरक टार्गेटवर १ मिलिमीटर दाखवतो. आपल्या टार्गेटवर एक रिंग अडीच मिलिमीटरची असते, म्हणजे ०.१ गुणाला पाव मिलिमीटर. त्या हिशोबाने ५ मीटरचा फरक जास्तीत जास्त ०.४ गुण खाईल. तुमच्या ६ मिलिमीटरसाठी वेग १७० वरून थेट १४६ च्या आसपास यायला हवा. इतका फरक असेल तर क्रोनोग्राफ (वेग मोजायचं यंत्र) लागणार नाही, आवाजच वेगळा येईल. क्रोनोग्राफ मिळत असेल तर जरूर लावा, आणि शॉटमध्ये मुलीइतकंच थांबून लावा. पण या लक्षणासाठी रेग्युलेटर बदलणं म्हणजे पैसे पाण्यात.

माझा पहिला संशय डायॉप्टरवर आहे. साइट रेडियस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या साइटमधलं अंतर, ७० सेंटीमीटर धरला, तर डायॉप्टर ०.१ मिलिमीटर हलला की टार्गेटवर मार सुमारे १.४ मिलिमीटर सरकतो. म्हणजे तुमचा सगळा ६ मिलिमीटरचा उभा ग्रुप जेमतेम ०.४ मिलिमीटरच्या खेळात मावतो, एका जाड व्हिजिटिंग कार्डाएवढ्या. हा खेळ डोळ्याला दिसत नाही. तो असा शोधा. रायफल रिकामी, ब्रीच उघडी, सेफ्टी फ्लॅग (रायफल रिकामी असल्याची खूण) आत, तोंड टार्गेटकडे. रायफल बेंचवर पक्की टेकवा. साइटमधून बघत डायॉप्टरच्या घरावर वरून बोटाने हलकेच दाबा आणि सोडा, मग खालून तसंच. फ्रंट रिंगमधला (पुढच्या साइटच्या कड्यातला) काळा गोल सरकला आणि जागेवर परत आला नाही, तर चोर सापडला.

विशेषतः डायॉप्टरखाली उंची वाढवायचे ब्लॉक लावले असतील तर त्यांचे स्क्रू काढून बघाच. स्क्रू गरजेपेक्षा लांब असला की तो भोकाच्या तळाला टेकतो. एलन की घट्ट लागते, हाताला वाटतं आवळलं, पण जबड्याने रेल धरलेलीच नसते. बसवताना बेस आणि रेल यांच्यावरून पेन्सिलची एक बारीक रेघ आडवी मारून ठेवा. सिरीज (दहा शॉटची फेरी) संपल्यावर रेघ तुटलेली दिसली की वाद मिटला. डायॉप्टरच्या आतही खेळ असू शकतो. त्याची घुंडी १० क्लिक वर, १० क्लिक खाली फिरवा, आणि मार मूळ जागी येतोय का ते बघा.

बॅरलवरच्या वजनाचं प्रकरण वेगळं आहे. तिथे भाग बिघडलेला नसतो आणि मुलगीही चुकत नसते. १०० ग्रॅम नळीच्या टोकाला लावले की तोल पुढे जातो, आणि जुन्या बटप्लेटच्या उंचीवर नळी हळूहळू खाली बसायला लागते. मुलगी ती स्नायूंनी उचलून धरते. सिरीजच्या सुरुवातीला ते जमतं, शेवटाकडे जमत नाही. म्हणून शॉट क्रमाने बघा. पहिले वर आणि नंतरचे खाली अशी उतरंड असेल, तर वजन मागे घ्या किंवा बटप्लेट जुळवा. उतरंड नसेल, वरखाली कसेही पडत असतील, तर पुन्हा साइटकडे चला. एकूण वजन साडेपाच किलोच्या आत आहे ना, तेही काट्यावर बघून घ्या, नाहीतर स्पर्धेच्या इक्विपमेंट कंट्रोलला अडाल.

ट्रिगरमुळे उभा ग्रुप क्वचितच पडतो, त्याचा त्रास बहुधा आडवा किंवा कसाही विखुरलेला दिसतो. तरी स्टॉप स्क्रू (ट्रिगरला मागे थांबवणारा) फार आत गेलाय का ते पाहा. ब्लेड (बोट ठेवायची पट्टी) सिअर (शॉट अडवून धरणारा खटका) सुटायच्या आधीच स्टॉपला टेकत असेल तर कधी शॉट हलका सुटतो, कधी दाबून दाबून सुटतो, आणि मुलीला ते नेमकं सांगता येत नाही. ‘आज ट्रिगर विचित्र वाटतोय’ एवढंच ती म्हणते. ते वाक्य झटकून टाकू नका.

आता जुना भाग परत लावण्याबद्दल. जुना डायॉप्टर झिजला होता म्हणूनच बदलला, मग तो पुन्हा का, असं तुम्ही विचारलंत. तो वापरायला लावायचा नाही, कळायला लावायचा आहे. त्याचा दोष तुम्हाला ठाऊक आहे, नव्याचा ठाऊक नाही. बाकी काहीही न हलवता फक्त डायॉप्टर जुना लावा, सायटर्सवर (सरावाच्या शॉटवर) झीरो करा, म्हणजे मार मध्यावर आणा, आणि दोन सिरीज मारून घ्या. मार कुठे पडतो याकडे लक्ष नको, ग्रुप उभा किती लांबतो तेवढंच मोजा. लांबी कमी झाली तर नवा डायॉप्टर किंवा त्याची बैठक. तेवढीच राहिली तर जुना तसाच ठेवून वजन काढा. चार भाग एकदम बदलून नंतर कारण शोधणं अवघड जातं ते यामुळेच. आता निदान काढताना तरी एकेक काढा, आणि काढण्यापूर्वी प्रत्येक माप व्हर्नियरने घेऊन वहीत लिहा.

श्वासाचा संशयही तपासून टाका, मी तो फेटाळत नाही. श्वास चुकला की ग्रुप उभाच पडतो, हे तुमचं अगदी बरोबर. मग मुलीला क्लबची रायफल द्या आणि तिची रायफल तिच्याच तोडीच्या दुसऱ्या शूटरला द्या. उभा ग्रुप मुलीबरोबर गेला तर श्वास. रायफलबरोबर राहिला तर रायफल. एका संध्याकाळचं काम आहे.

आणि आता सबब. काही मुलं रायफलच्या नावाने खडे फोडतात, मीही पाहतो. पण उलटं घडतं तेव्हा नुकसान फार मोठं होतं. साइट ढिली आहे आणि मुलीला आपण सांगतो की तुझा श्वास चुकतोय. ती ऐकते, कारण ती गुणी आहे. ती श्वासाची लय बदलते, होल्ड (नेम धरून थांबणं) लांबवते. आठ-दहा सेकंदांपलीकडे नजर शिणते, हात थरथरतो, आणि मग खरोखरचा दोष तयार होतो. पुढे कधीतरी कोणीतरी तो स्क्रू आवळतो, पण लागलेली सवय स्क्रूबरोबर सुटत नाही. २०२४ मध्ये स्वप्नील कुसाळेने पॅरिसहून ब्राँझ आणलं, त्यानंतर आपल्याकडे कितीतरी घरांनी ऐपतीबाहेर जाऊन मुलांना रायफली घेऊन दिल्या. त्यातल्या बऱ्याच हातोहात फिरलेल्या आहेत आणि त्यांच्यावर काम करणारे जाणकार हात थोडे आहेत. अशा वेळी शंकेचा फायदा मुलाला मिळावा, यावर मी ठाम आहे.

तर या रविवारी पेन्सिलची रेघ मारा, जुना डायॉप्टर लावा, दोन सिरीज घ्या आणि दोन्ही साइटचे ग्रुप मला पाठवा, शॉटच्या क्रमासकट. रेग्युलेटरची ऑर्डर तोवर देऊ नका.