पेट्रोल घ्या, पेट्रोल!

पेट्रोल महाग झालंय म्हणून ओरडणाऱ्यांनी एकदा ते फुकट वाटायला निघावं. एरवी परक्या माणसालाही जेवल्याशिवाय न सोडणारा आणि स्वतःही तसा न सुटणारा कोल्हापूरकर, शंभरी पार केलेली ही वस्तू दारात आणून दिली की दोन पावलं मागं सरकतो आणि विचारतो, "का रं, काय झालंय त्याला?"

माझ्याकडं असं चार लिटर होतं. आप्पांची जुनी कार्बोरेटरवाली मोटरसायकल बोरिंगला, म्हणजे इंजिनाचा सिलिंडर आतून घासून घ्यायला, टाकली होती. इंजिन उघडलंच आहे तर टाकीचाही पोचा काढून रंग मारून घेऊ, असं घरात ठरलं. (घरात ठरलं म्हणजे आप्पांनी ठरवलं.) उद्यमनगरातल्या पेंटरमामांनी टाकीचं झाकण उघडलं, आत हुंगलं आणि टाकी परत माझ्याच हातात दिली. "रिकामी करायची, धुवायची, वाळवून आणायची. वास आला तर हात लावणार न्हाई."

मामांचं चुकत नव्हतं. पेट्रोलपेक्षा त्याची वाफ वाईट. काठोकाठ भरलेल्या टाकीत हवेला जागा नसते. पण रिकाम्या दिसणाऱ्या टाकीत वाफ आणि हवा मजेत एकत्र नांदत असतात, आणि तिथं झाळ लावायला गेलं की टाकीबरोबर कारागीरही जातो. म्हणून मी मुकाट्यानं टाकी घरी आणली.

टाकी रिकामी करणं हा पाच मिनिटांचा खेळ आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी टाकी फक्त वरून बघितलेली असते. टाकीखालचा कॉक, म्हणजे पेट्रोलचा नळ, 'ऑन'ला ठेवला तर धार थोड्या वेळानं थांबते, कारण आतली नळी उंच असते आणि खालचं पेट्रोल रिझर्व्हचं म्हणून राखून ठेवलेलं असतं. 'रिझर्व्ह'ला फिरवलं की पुन्हा धार. तीही थांबते. आपण टाकी उचलतो, तर आतून डुबुक! टाकी चेसिसवर घोड्यावरच्या खोगिरासारखी बसते, त्यामुळं तिला खाली दोन पोटं असतात आणि कॉक असतो एकाच पोटाला. दुसऱ्या पोटातलं पेट्रोल मधला उंचवटा ओलांडून अलीकडं आणायचं तर टाकी कडेवर घेऊन तिरकी करायची, थांबायचं, परत तिरकी करायची. मी अंगणात हे करत होतो तेव्हा समोरच्या वहिनींनी आईला विचारलं, "बाळ कुणाचं?"

आता हे ओतायचं कशात? पाण्याच्या प्लॅस्टिकच्या बाटलीत ठेवू नये एवढी अक्कल होती. घट्ट झाकणाचा पत्र्याचा डबा घरात एकच, आणि त्यात वर्षाची कांदा-लसूण चटणी. त्या डब्याकडं मी नुसतं बघितलं, तर आईनं माझ्याकडं असं बघितलं की मी सरळ लक्ष्मीपुरीत जाऊन नवा पेट्रोलचा डबा विकत आणला. म्हणजे फुकट द्यायच्या पेट्रोलवर हा वर खर्च.

डबा ठेवायचा कुठं, याचा शोध घेताना आपल्या घरात किती ठिकाणी विस्तव असतो ते पहिल्यांदा समजलं. स्वयंपाकघरात शेगडी. बाथरूमबाहेर गॅस गिझर. देवघरात समई. माळ्याखाली इन्व्हर्टर. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती जमिनीलगत सरपटत जाऊन दिवा शोधते, हे मी जेवताना सांगितलं, तेव्हापासून बायको समई लावायच्या आधी अंगणात डोकावून यायला लागली. शेवटी जिन्याखालची मोकळी, हवेशीर जागा पसंत केली. तिथं वरच्या मजल्यावरचे काका घरच्यांपासून लपून बिडी ओढतात, ही माहिती मला त्याच संध्याकाळी मिळाली. डबा मागच्या अंगणात सावलीत गेला.

मग गल्ली बसली. निम्म्या गल्लीचं म्हणणं, पेट्रोल काढायलाच नको होतं. गाडी उभी राहणार असेल तर टाकी फुल्ल ठेवावी, म्हणजे आत दमट हवा राहत नाही आणि पत्रा गंजत नाही. निम्म्या गल्लीचं म्हणणं, थेंबही ठेवू नये. इंजिनाला हवा-पेट्रोल मिसळून देणाऱ्या कार्बोरेटरच्या वाटीत राहिलेलं पेट्रोल उडून जातं, मागं चिकट राळ उरते, जेटचं बारीक भोक चोंदतं आणि मग किका मारून गुडघा जातो. दोन्ही बाजूंचं खरं होतं. टाकीचा प्रश्न वेगळा आणि वाटीचा वेगळा. वाटीचा खालचा स्क्रू सैल केला की ती वेगळी रिकामी होते. हे मी सांगायचा प्रयत्न केला. पण भांडण चांगलं रंगलं असताना मधेच उत्तर सांगणारा माणूस कोल्हापुरात कुणाला आवडत नाही.

एकजण म्हणाला, "गटारीत ओत की मर्दा." म्हणजे गटारीतनं जयंती नाल्यात, नाल्यातनं पंचगंगेत, आणि वाटेत कुणी काडी टाकली तर गल्लीत अवेळी दिवाळी. आईला वेगळंच दुःख. "२०१९ च्या पुरात हायवे बंद पडला तवा थेंबाथेंबासाठी पंपावर रांगा होत्या. आणि ह्यो ओतून टाकाय निघालाय!" पंपावरही विचारून बघितलं. तिथं घनता बघायची सोय आहे, पाच लिटरचं माप आहे, भेसळ तपासायला फिल्टर पेपर मागता येतो, फक्त परत घ्यायची सोय नाही. पोरगं हसून हसून नोझल धरायचं विसरलं.

आमचे मावसकाका ऊस लावतात. त्यांना मळ्यातल्या इंजिनाला देऊ केलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आता पेट्रोलात वीस टक्के इथेनॉल असतंय. म्हंजे तुझ्या चार लिटरात आठशे मिली आमचाच ऊस. बिल अजून निघालं न्हाई त्याचं, आणि माल तू मला परत देतोस?" वर शास्त्रही सांगितलं: इथेनॉल पाणी ओढून घेतं, पाणी जास्त झालं की दोघं मिळून तळाला बसतात, आणि आपल्या आषाढातल्या हवेत डबा उघडा ठेवलास तर वेगळा पाऊस नको. हे ऐकून मी झाकण आणखी एक आटा पिळलं.

घेतलं शेवटी शेजारच्या तात्यांनी. तेही उपकार केल्यासारखं. डबा उजेडात धरायला लावला, बशीत थोडं ओतून खाली पाणी दिसतंय का बघितलं, "शिळ्या पेट्रोलासारखा वार्निशचा वास न्हाई नव्हं?" म्हणून दोनदा विचारलं आणि अर्धी भरलेली टाकी असताना जाळीच्या गाळणीतनं, थोडं थोडं करत, त्यांच्या मोपेडमध्ये घेतलं. पेट्रोल ताजं होतं, मोपेड बिनतक्रार पळाली, आमची टाकी उन्हात वाळली, मामांनी हुंगून पास केली.

पण फुकट दिलेल्या पेट्रोलची गॅरंटी जन्माची असते. त्यानंतर तात्यांचा हॉर्न बसला, आरसा फुटला, ब्रेकचा आवाज यायला लागला. दर वेळी ते आमच्या दारावरनं जाताना जरा थांबून आत बघतात. परवा रंकाळ्यावर मागचं चाक पंक्चर झालं. तिथनं गाडी ढकलत आणली, घामाघूम. मला बघून स्टँडला लावली आणि म्हणाले, "मला तवाच शंका आलती. तुझं पेट्रोल जरा जडच वाटत होतं."