११ मे १९९९ : सौरवारा खरंच थांबला होता का?

११ मे १९९९ रोजी सूर्य दिवसभर बंद पडला, सौरवारा थांबला, पृथ्वीचं संरक्षक कवच गळून पडलं, नासाने हे दडपलं आणि कारण आजही कुणाला ठाऊक नाही, असा मजकूर वारंवार फिरत असतो. त्यातली तारीख तेवढी खरी आहे.

सूर्य बंद पडला नव्हता. प्रकाश सव्वाआठ मिनिटांत इथे पोचतो, त्यात काहीच बदल झाला नाही. सौरवारा वेगळा : प्रोटॉन-इलेक्ट्रॉनांच्या या प्रवाहाला यायला चार-पाच दिवस लागतात. आणि तोही थांबला नव्हता, विरळ झाला होता. एरवी घनसेंटिमीटरमागे पाच-दहा प्रोटॉन असतात. त्या दिवशी एकाहून कमी होते, काही काळ तर ०.२ च्या आसपास. वेग मात्र सेकंदाला साधारण ३५० किलोमीटर होताच.

कवचाचं म्हणणं तर नेमकं उलटं आहे. सौरवारा पृथ्वीच्या चुंबकावरणाला, म्हणजे तिच्या चुंबकीय क्षेत्राने बनलेल्या त्या कवचाला, सूर्याच्या बाजूने दाबून धरतो. दाब घटला तेव्हा ते नेहमीच्या पाच-सहा पट फुगलं. कोरोनातले, म्हणजे सूर्याच्या बाहेरच्या वातावरणातले, तप्त इलेक्ट्रॉन फारसे न विखुरता थेट ध्रुवप्रदेशावर उतरले आणि उत्तर ध्रुवावर क्ष-किरणांची चमक नोंदली गेली. हे सगळं वातावरणाच्या वरच्या थरांत घडलं. जमिनीवर कुणाला धोका नव्हता.

दडपल्याचा आरोप तर टिकतच नाही. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये नासानेच एस आणि विंड यानांची ही निरीक्षणं जाहीर केली.

‘कारण ठाऊक नाही’ हे वाक्य मला सर्वांत जास्त खटकतं, कारण त्यात आपल्याकडच्या संशोधकांचं काम पुसलं जातं. अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेतले पी. जनार्दन आणि त्यांचे जपानी सहकारी यांनी २००५ मध्ये या प्रवाहाचा माग सूर्यापर्यंत काढला. दूरच्या रेडिओस्रोतांचं लुकलुकणं मोजून सौरवाऱ्याचा वेग कळतो, तीच निरीक्षणं त्यांनी वापरली. माग पोचला सूर्यबिंबाच्या मध्याजवळच्या एका सक्रिय प्रदेशापाशी (तीव्र चुंबकीय क्षेत्राचा भाग) आणि त्याला खेटून असलेल्या छोट्या कोरोनल विवरापाशी (कोरोनातला विरळ भाग, जिथून सौरवारा सहज बाहेर पडतो). तिथल्या चुंबकीय रेषांची जोडणी बदलली, बाहेर पडणारा प्रवाह मुळाशीच तुटला आणि सुटलेला भाग वाटेत पसरत विरळ होत गेला, असं त्यांचं स्पष्टीकरण आहे. त्यात ना मोठी ज्वाला लागते, ना सूर्याचा स्फोट.

ही एकमेव घटना असल्याचंही सांगतात. पण २००२ मध्ये असे विरळ प्रवाह पुन्हा आले. डिसेंबर २०२२ मध्ये मेव्हन यानाने मंगळाजवळ तेच पाहिलं, मात्र तिथलं कारण निराळं होतं : वेगवान प्रवाहाने संथ प्रवाहाला गाठून पुढे लोटलं आणि मागे पोकळी उरली.