जर्मन ज्यूंचा ‘एकच मुख्य रब्बी’ कधीच नव्हता

“जर्मनीतले सगळे ज्यू मध्ययुगापासून एकाच मुख्य रब्बीच्या हुकमात होते, त्यांनी राज्यात राहून स्वतःचं वेगळं राज्य चालवलं,” असा मजकूर सध्या बराच पुढे पाठवला जातोय. (रब्बी म्हणजे ज्यूंचा धर्मगुरू.) तो खोटा आहेच, शिवाय घातक आहे. ज्यूंच्या छुप्या सत्तेची जुनी कंडी अशाच वाक्यांवर पिकते.

आधी मुख्य रब्बीचं बघू. १४०७ मध्ये जर्मन राजा रुप्रेख्तने रब्बी इस्राएल यांना साम्राज्यातल्या सर्व रब्बींवर नेमलं खरं, पण ती इच्छा राजाची होती. ज्यू समाजांनीच ही नेमणूक धुडकावली. १६०३ साली फ्रँकफर्टला जमलेल्या ज्यू प्रतिनिधींनी न्यायपीठं ठरवली तीही पाच ठिकाणी: फ्रँकफर्ट, वर्म्स, फुल्डा, फ्रीडबर्ग आणि ग्युन्झबर्ग. एवढ्यावरूनही त्यांच्यावर राजद्रोहाचा ठपका आला.

‘वेगळं राज्य’ म्हणावं, तर एकोणिसाव्या शतकात चित्र नेमकं उलटं दिसतं. तेव्हा जर्मनी अनेक राज्यांत विभागलेला होता. त्यातल्या बाडेनच्या शासकाने १८०९ च्या फर्मानाने ज्यूंची वरिष्ठ परिषद स्थापली. व्युर्टेम्बर्गने १८२८ च्या कायद्यानंतर स्टुटगार्टला ज्यूंसाठी सरकारी देखरेखीखालचं धर्ममंडळ नेमलं. प्रशियाच्या १८४७ च्या कायद्यात तर प्रत्येक गावचा ज्यू समाज स्वतंत्र, वर कोणीच नाही. जितकी राज्यं, तितक्या तऱ्हा, आणि दोरी सरकारच्या हाती.

रब्बीचा शब्द सगळीकडे चालायचा, हेही खरं नाही. शमशोन राफाएल हिर्श १८३० मध्ये ओल्डेनबुर्गचे प्रादेशिक रब्बी झाले, १८४१ मध्ये एम्डेनला गेले. अधिकार त्या त्या हद्दीपुरताच. पुढे फ्रँकफर्टला त्यांनी सनातनी ज्यूंचा वेगळा समाज चालवला. १८७६ च्या प्रशियन कायद्याने ज्यू धर्म न सोडता स्थानिक समाजातून बाहेर पडायची मुभा दिली, तेव्हा ‘बाहेर पडणं हे कर्तव्यच’ असं हिर्श सांगू लागले. वुर्झबर्गचे रब्बी बाम्बर्गर त्यांच्याइतकेच सनातनी, तरी त्यांनी जाहीर विरोध केला. दोघांचं भांडण मिटवायला वर कोणी बसलेलंच नव्हतं. मला वाटतं, हा एक वाद नीट वाचला तरी तो मजकूर पुढे पाठवायला हात धजणार नाही.

देशभरातल्या ज्यूंना सक्तीने एकाच संस्थेखाली आणलं गेलं ते ४ जुलै १९३९ च्या फर्मानाने. ते फर्मान नाझी सरकारचं होतं, आणि संस्थेवर ताबा गेस्टापोचा, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांचा.