हळदीतले काका

"पुढच्या रविवारी पेन्सिल नको, चारकोल नको. घरात सापडेल त्यानं काढायचं," असं सरांनी जाहीर केलं तेव्हा वर्ग खूश झाला. मॉडेल म्हणून बसणाऱ्या काकांना कोणी विचारलंच नाही.

आमच्याकडे मॉडेल कपडे घालून बसतो, हे आधीच सांगते. मानवाकृतीच्या क्लासला जाते म्हटलं की सोसायटीतल्या काही चेहऱ्यांवर एकदम कलाप्रेम उमटतं. काका धोतर-सदऱ्यात बसतात, २० मिनिटांची पोझ, मध्ये तंबाखूपुरती सुट्टी.

फ्रेंच लेखक व्हिक्टर ह्यूगो शाईत कॉफी आणि काजळी मिसळून चित्रं काढायचा, असं सरांनी सांगितलेलं. ते मनावर घेऊन एकानं चहा आणला, तोही दूध-साखरेसकट. काकांचे खांदे उतरले छान, पण कागद वाळत ठेवला तिथे मुंग्यांनी बाह्यरेषा अशी पक्की केली की "रेषेत आत्मविश्वास आलाय," हे सरांचं वाक्य त्या मुलानं पहिल्यांदाच ऐकलं. शेजारच्या ताईंनी घरी धरलेलं, तुपातलं काजळ आणलं होतं. ते वाळतच नाही. कागद एकावर एक रचल्यावर काकांचं नाक माझ्या चित्राच्या पाठीवर निघालं.

मी डिंकाच्या पाण्यात हळद कालवली होती. ब्रशला सुरेख चालते, पण एकदा लागली की लागली. चारकोल निदान पावाच्या गरानं टिपून घेता येतो. (तो पावही सुट्टीत काकांनी खाल्ला.)

काकांनी वाकून पाहिलं. "ताई, मला कावीळ झालीय का?"

"घाबरू नका, हळद उन्हात विटते. चित्र खिडकीत टांगलं की तुम्ही खडखडीत बरे."

कपाळावर आणि नाकाच्या शेंड्यावर उजेड हवा होता, पण पांढरं काहीच नव्हतं. काकांनी उदारपणे चुन्याची डबी पुढे केली. हळदीला चुना लागला की ती लाल होते. कुंकू पूर्वापार तसंच करतात. कागदावर तरी वेगळं का व्हावं? बघता बघता नाक पेटलं.

"मघाशी नुसता आजारी होतो," काका म्हणाले, "आता पिऊनही आलोय."

सर मात्र खूश. "वा, एक्स्प्रेसिव्ह!" या वर्गात बिघडलं की एक्स्प्रेसिव्ह आणि जमलं की कॅलेंडरछाप. माझं आजवर एकही चित्र कॅलेंडरछाप झालेलं नाही.

निघताना सरांनी पुढचा बेत सांगितला. "रांगोळी. जमिनीवर. पंखे बंद ठेवावे लागतील."

भर एप्रिलमध्ये! काका उठून उभे राहिले. "पंखा बंद केलात तर मी हलणार. सांगून ठेवतो."

"हला की," सर म्हणाले. "गतीची स्केचेस करू."