‘विनमेल डॉट डॅट’ व्हायरस नाही, डिलीट करू नका

पुण्यातल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: ‘मेलला विनमेल डॉट डॅट नावाची फाइल आली तर तो व्हायरस समजा. पाठवणाऱ्याचा कॉम्प्युटर हॅक झालाय. नाव बदलून पीडीएफ करून बघा, नाही उघडली तर डिलीट करा.’ यातलं एकही वाक्य खरं नाही, आणि त्यापायी लोक कामाची कागदपत्रं उडवून बसताहेत.

व्हायरस? आउटलुक या मायक्रोसॉफ्टच्या मेल प्रोग्रॅममधून ‘रिच टेक्स्ट’ प्रकारात मेल गेला, की मजकुराची सजावट आणि जोडलेल्या फायली टीएनईएफ या मायक्रोसॉफ्टच्या पद्धतीने एकाच गाठोड्यात बांधल्या जातात. समोरही आउटलुक असेल तर ते आपोआप सुटतं. दुसऱ्या बऱ्याच मेल प्रोग्रॅमना ते सोडवता येत नाही, मग ते ‘विनमेल डॉट डॅट’ या नावाने तसंच पुढ्यात येतं. भीतीला थोडा आधार आहे, तोही सांगतो. हे गाठोडं सोडवणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्याच कोडमध्ये एक गंभीर त्रुटी होती. ती जानेवारी २००६मध्ये दुरुस्त झाली. आतली फाइल घातक असू शकते, पण ते झिपच्या बाबतीतही तितकंच खरं. पाठवणारा ओळखीचा आहे का, एवढं आधी बघा.

हॅकिंगचा तर संबंधच नाही. हा आउटलुकच्या सेटिंगचा प्रश्न आहे.

खरं नुकसान नाव बदलण्याच्या सल्ल्याने होतं. अप्पा बळवंत चौकातल्या एखाद्या डीटीपीवाल्याकडे मुखपृष्ठाची पीडीएफ या रूपात आली, त्याने नाव बदललं, ती उघडली नाही, की तो लेखकाला कळवणार, ‘फाइल करप्ट आहे.’ फाइल शाबूत असते हो! पीडीएफची सुरुवात टक्क्याच्या चिन्हाने आणि ‘पीडीएफ’ या अक्षरांनी होते. विनमेल डॉट डॅटचे पहिले चार बाइट हेक्समध्ये (सोळाच्या पायाच्या आकड्यांत) ७८, ९एफ, ३ई, २२ असतात. वरचं नाव बदलून आतले बाइट कसे बदलतील? ती नोटपॅडमध्ये उघडा: अगम्य चिन्हांच्या गर्दीत मूळ फाइलचं नाव बहुधा सरळ वाचता येतं.

ती बाहेर काढायला लिनक्सवर ‘टीएनईएफ’ ही कमांड, मॅकवर ‘टीएनईएफ्स इनफ’, विंडोजवर ‘विनमेल ओपनर’ आहे. तिन्ही फुकट. खरेदीखत किंवा पॅन कार्ड असेल तर मात्र कुठल्याही ऑनलाइन कन्व्हर्टरवर चढवू नका.

पाठवणाऱ्याला सांगा: आउटलुकच्या मेल ऑप्शन्समध्ये, बाहेर जाणारा रिच टेक्स्ट मेल एचटीएमएलमध्ये बदलण्याचा पर्याय निवडा. तरीही तुम्हालाच तशी फाइल येत राहिली, तर आउटलुकने आपोआप सुचवलेला तुमचा पत्ता काढून तो नव्याने टाइप करायला लावा.